चिखलात पडलेल्या ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर सकाळी बिघडतो, दुपारी चालतो: बोर्ड बदलावा का?

प्रश्न (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

मी स्वतः जोडलेला पाच इंची प्रॉपेलरचा ड्रोन अवकाळी पावसानंतर तुरीच्या वावरात, ओल्या काळ्या चिखलात पडला. चिखल कापडाने पुसून आणि सगळे भाग सावलीत वाळवून मी तो पुन्हा जोडला. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल सांभाळणारा मुख्य बोर्ड) एसटीएम३२एफ४०५ चिपचा असून त्यावर एमपीयू-६००० हा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आहे. यूएसबी लावल्यावर दिवा लागतो, बीटाफ्लाइट कॉन्फिग्युरेटर (बोर्डाची मांडणी करण्याचे संगणकावरील सॉफ्टवेअर) बोर्ड ओळखतो, रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरचे आकडेही हलतात. परंतु ड्रोन टेबलावर स्थिर असूनही पडद्यावरील त्याचे चित्र सकाळी एका बाजूला कलते, मध्येच झटका घेते आणि कधीकधी जायरो सापडत नसल्याची सूचना येऊन मोटारी सुरूच होत नाहीत. ऊन चढल्यावर तोच बोर्ड जवळजवळ नीट चालतो. तालुक्यातील दुरुस्ती करणाऱ्यांच्या मते आयसी (चिप) गेली आहे आणि बोर्ड बदलावा लागेल. नवा बोर्ड कुरियरने मागवावा लागणार असल्यामुळे, पैसे घालण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे कसे ठरवावे?

उत्तर १ (वर्धा)

जायरोचा शून्यबिंदू तापमानाबरोबर सरकतो, हे याचे कारण असू शकेल. बोर्ड सुरू होताना जायरो स्वतःला शून्यावर आणतो. त्या क्षणी ड्रोन हलला, किंवा नंतर चिप बरीच तापली, तर चित्र कलू शकते. बोर्ड काही मिनिटे गरम होऊ द्यावा आणि मग ड्रोन न हलवता जायरो पुन्हा कॅलिब्रेट करून पाहावा.

उत्तर २ (यवतमाळ)

तापमानाचा मुद्दा योग्य आहे. मात्र तापमानामुळे होणारा फरक संथ असतो, झटके देत नाही, आणि जायरो सापडेनासा होणे तर त्याने मुळीच समजत नाही. म्हणून आधी वीजपुरवठा तपासावा. प्रॉपेलर काढून ठेवावेत आणि बॅटरी अजिबात जोडू नये, कारण पूर्ण भरलेली चार सेलची बॅटरी १६.८ व्होल्ट देते आणि बोर्डावर कोठे शॉर्ट असेल तर जे वाचले आहे तेही जळेल.

कॉन्फिग्युरेटरच्या सीएलआयमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पानावर, ‘डिफ ऑल’ ही आज्ञा देऊन आपली सर्व मांडणी फाइलमध्ये जतन करावी. दुरुस्तीच्या ओघात फर्मवेअर (बोर्डातील सॉफ्टवेअर) नव्याने घालावे लागले तर हीच फाइल उपयोगी पडते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. त्यानंतर ईएससी (मोटारींचा वेग सांभाळणारा भाग), रिसीव्हर, जीपीएस, कॅमेरा हे सगळे काढून नुसता बोर्ड यूएसबीवर चालवावा आणि मल्टिमीटरने ५ व्होल्ट व ३.३ व्होल्टचे पॅड मोजावेत. यूएसबीवर पहिला आकडा ५ पेक्षा थोडा कमी आला तरी चालतो, कारण वाटेत डायोड असतो. दुसरा मात्र ३.३ च्या अगदी जवळच हवा. तो बराच खाली असेल आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) किंवा मुख्य चिप बोटाला चटका देत असेल, तर दोष जायरोचा नसून शॉर्टचा आहे. आकडे ठीक आले तर एकेक भाग परत जोडून पुन्हा मोजावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चित्र नाक डावी-उजवीकडे वळवत सावकाश फिरत असेल, तर तो बिघाड समजू नये. कंपास नसलेल्या ड्रोनला दिशा दुरुस्त करायला आधारच नसतो. पुढे-मागे किंवा आडवे कलणे मात्र कल ओळखणारा सेन्सर, म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर सावरत असतो. ते कलणे टिकून राहत असेल तर खरी अडचण आहे.

प्रश्नकर्ता

नुसत्या बोर्डावर ४.७ आणि ३.३ व्होल्ट मिळाले, आणि एकेक भाग जोडल्यावरही त्यांत फरक पडला नाही. काहीच अतिगरम होत नाही. कलणे आडवे आहे. सेन्सर्सच्या पानावर जायरोची रेषा सकाळी मध्येच उसळते, दुपारी सपाट असते. जायरोच्या कडेला भिंगातून पांढुरकी पुटे दिसतात.

उत्तर ३ (अकोला)

दर्यापूरचा उल्लेख आणि सकाळ-दुपारचा फरक वाचल्यावर माझा संशय मातीवर गेला. आपला भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो, जेथे भूजलाप्रमाणे मातीतही क्षार असतात, आणि तो चिखल नुसता वाळवला तर पाणी उडून जाते व क्षार जागेवरच राहतात. साधे मीठसुद्धा हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. एमपीयू-६००० अवघी ४ मिलिमीटर चौरस चिप आहे आणि तिच्या चारही बाजूंना मिळून २४ पिना आहेत. दोन पिनांमधला असा ओलसर थर वीज झिरपू देतो, मुख्य चिपकडे जाणारा संदेश विस्कटतो, आणि उन्हाने थर वाळला की सगळे सुरळीत होते. आयसी गेली असती तर तिने दुपारची वाट पाहिली नसती.

बोर्डाची वीज काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घ्यावा. क्षार अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाहीत, म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याने, जायरोच्या चारही कडा धुवाव्यात आणि मग अल्कोहोलने ते पाणी ओढून काढावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. त्याने आणखी क्षार बसतील. हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरच्या बारीक छिद्रात द्रव जाऊ देऊ नये. बोर्ड पूर्ण वाळल्यावर पहाटेच्या दमट हवेत पुन्हा चाचणी करावी, कारण दुपारच्या चाचणीतून येथे काहीच सिद्ध होणार नाही.

प्रश्नकर्ता

सांगितल्याप्रमाणे धुतले. धुके असलेल्या सकाळी अंगणात बोर्ड सुरू ठेवून पाहिला. जायरोची रेषा सपाट राहिली आणि सूचनाही आली नाही. सपाट जागी अ‍ॅक्सिलरोमीटर कॅलिब्रेट करून घेतला आहे. पुढे दव किंवा चिखल लागू नये म्हणून बोर्डावर काही लावावे का?

उत्तर ३ (अकोला)

सिलिकॉनचे कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा संरक्षक थर) ब्रशने पातळ लावावे. यूएसबीचे तोंड, कनेक्टर, बूटचे बटण आणि बॅरोमीटर मोकळे ठेवावेत. क्षार उरला असेल तर तो कोटिंगखाली कोंडला जाईल, म्हणून आणखी एक-दोन दमट सकाळी चाचणी करूनच ते लावावे. पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये स्मोक स्टॉपर (जास्त वीजप्रवाह रोखणारे साधन) ठेवावा आणि प्रॉपेलर त्यानंतरच बसवावेत.