तिलापिया काढायला मोहाची पेंड: कितपत सुरक्षित?

प्रश्न: एक एकर तळं, सरासरी पाणी 1 मीटर. तिलापिया (नको असलेला मासा) माजलीय, जाळ्याने आटपत नाही. मोहाची पेंड (बियांचं तेल काढून उरलेला चोथा, माशांना विषारी) टाकली तर गुरांचं काय? रोहू-कटला कधी सोडायचा?

उत्तर 1: मात्रा 250 पीपीएम (घनमीटर पाण्याला 250 ग्रॅम), म्हणजे तुमच्या 4000 घनमीटरला 1000 किलो. आधी पाणी उपसा. निम्मं उरलं की पेंडही निम्मीच लागेल. रात्रभर भिजवून सकाळी सगळीकडे फेका, काठच्या गवतात जास्त. पिल्लं तिथेच लपून वाचतात, आणि सगळी मेहनत वाया जाते. पेंडीतलं सॅपोनिन हे विषारी द्रव्य कल्ल्यांतून रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडतं. मेलेले मासे लगेच काढा, कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो. विषार 15-20 दिवस टिकतो. तोवर गुरं लांब ठेवा, पाणी ओढ्यात मुळीच सोडू नका.

उत्तर 2: घाई असेल तर ब्लीचिंग पावडर: एकराला 140 किलो, 30 टक्के क्लोरीनची. साधारण आठवड्यात असर उतरतो. उघडं पोतं घेऊ नका, क्लोरीन उडालेला असतो. हातमोजे, मास्क हवेतच.

उत्तर 3: रोटेनोनच्या (मासे मारायचं आणखी एक विष) नादी लागू नका. कॅलिफोर्नियाच्या लेक डेव्हिसमध्ये 1997 साली पाइक हा शिकारी मासा संपवायला ते वापरलं. मिश्रणातला पायपेरोनिल ब्युटॉक्साइड (विषाचा जोर वाढवणारं रसायन) पाण्यात महिनोन्महिने राहिला, 1999 मध्ये पाइकही पुन्हा दिसला. कुठलंही विष वापरलं तरी रोहू-कटल्याचं बीज सोडण्याआधी हाप्यात (पाण्यात बांधलेली जाळीची पेटी) थोडी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) 24 तास ठेवून, जगतात का ते बघा.