‘रन’चे ६४५ अर्थ : खरे की कोशकारांची हौस?

पाटीपेन्सिल :
ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. नव्या आवृत्तीच्या कामात २००० साली ‘मेक’ने तिला मागे टाकलं, २००७ मध्ये ‘पुट’ने, आणि २०११ मध्ये ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी सगळ्यांवर ताण केली. मला हा आकडा फुगवलेला वाटतो. नदी, बस, कारखाना, नाटकाचे प्रयोग, सर्दीचं नाक, सगळीकडे अर्थ एकच : न थांबता चालू राहणं. बाकीचं संदर्भ सांगतो. कोशकार कीस पाडतात आणि आपण तोंडात बोटं घालतो.

उंबरठा :
साफ नामंजूर. अमेरिकेत पायमोज्याचा धागा उसवत गेला की ‘रन’, निवडणूक लढवली तरी ‘रन’. इंग्लंडात मात्र उमेदवार ‘स्टँड’ करतो. एक धावतो, दुसरा उभा राहतो, मागतात दोघं मतंच! हे मूळ अर्थावरून कुणाला ओळखता येईल? मी शाळेत इंग्रजी शिकवते. ‘द मिल्क हॅज रन आउट’चं एका पोराने ‘दूध धावचीत झाले’ असं केलं होतं. त्याला तुमचा ‘एकच अर्थ’ सांगून बघा.

पाटीपेन्सिल :
पोराला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. पण बाई, ते ‘रन आउट’ झालं. नुसत्या ‘रन’च्या खात्यावर ते का मांडताय?

जुनं इंजिन :
दोघंही यंत्रं विसरलात. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, मग संगणक. दर वेळी नवा शब्द घडवण्यापेक्षा इंग्रजांनी ‘रन’लाच जुंपलं. आपण तेच ‘चालणे’बाबत केलं : गिरणी चालते, खटला चालतो, फाटकी नोट चालत नाही, चहा चालेल. ‘लागणे’ तर विचारूच नका. भूक, ठेच, आग, रांग, नाद, लॉटरी... तेव्हा ६४५ला एवढं भुलायचं कारण नाही. आपल्याकडे तसं मोजायला कुणी बसत नाही, इतकंच.

पाटीपेन्सिल :
बघा, म्हणजे माझंच खरं. ‘लागणे’ एकच, अर्थ शेजारचा शब्द ठरवतो.

उंबरठा :
असं? मग ‘मला दार लागलं’ आणि ‘वाऱ्याने दार लागलं’ यांत शेजारचा शब्द दारच आहे ना? एकदा टेंगूळ येतं, एकदा कडी बसते. एका नोंदीत कसं कोंबणार?

पाटीपेन्सिल :
बरं, दोन नोंदी करा. सहाशे नाही!