मदत हवी आहे: लायब्ररीची ई-पुस्तकं कुठल्या ई-रीडरवर?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे परदेशातल्या एका लायब्ररीचं डिजिटल सदस्यत्व आहे. पुस्तकं लिबी अॅपवर मिळतात, पण मुलुंड ते सीएसएमटी लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचून डोळे पार शिणतात. घरात किंडल पडून आहे, ते इथे कुचकामी. लिबीतून किंडलवर पुस्तक पाठवायची सोय फक्त अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना आहे, माझी तिथली नाही. काही पुस्तकांची एसीएसएम फाइल (पुस्तक उतरवून घ्यायची छोटी परवाना-फाइल) मिळते. ती लॅपटॉपवरच्या अडोबी डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅममध्ये उघडली की कुलूपबंद (म्हणजे नक्कल करता येऊ नये म्हणून डीआरएम लावलेलं) ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, हाती येतं, आणि किंडल त्या कुलपाला ओळखतच नाही.

आता पर्याय दोन. कोबो किंवा पॉकेटबुक, हे ई-रीडर ते कुलूप ओळखतात, लॅपटॉपवरून केबलने पुस्तक चढवता येतं. नाहीतर बूक्स (Boox) कंपनीच्या रीडरसारखा अँड्रॉइड रीडर, त्यावर थेट लिबीच. मला दुसरा बरा वाटतो, पण बॅटरीचं काय?

कोणी वापरतंय का? मराठी ईपबमधली जोडाक्षरं नीट दिसतात का? आणि मुंबईत दुरुस्ती कुठे होते? 'कुलूप तोडून टाक' हा सल्ला मात्र नको, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं ते मला चालतं.