ट्रायम्फ ६५०चा क्रँकशाफ्ट: एकच जर्नल ग्राइंड करावे का?

प्रश्न

१९६६च्या ट्रायम्फ ६५० ट्विन या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलचे इंजिन मी पूर्ण उघडले आहे. बिग एंड जर्नलचे (क्रँकशाफ्टवर कनेक्टिंग रॉड जिथे फिरतो त्या गोल भागाचे) मूळ माप १.६२३५ ते १.६२४० इंच आहे. डावे जर्नल सगळीकडून १.६२३२ भरते, उजवे मात्र एका दिशेने १.६२३० आणि त्याच्या काटकोनात १.६२१४ भरते, शिवाय त्यावर नख अडकेल अशी एक रेघ आहे. फक्त उजवे ग्राइंड करून घ्यावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का? शेल (रॉड आणि जर्नल यांच्या मध्ये बसणाऱ्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) पांढऱ्या धातूचे घ्यावेत की कॉपर-लेडचे?

पहिले उत्तर

तो सल्ला मानू नका. दोन्ही जर्नले दहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइझला, म्हणजे १.६१३५ ते १.६१४० इंचांवर आणा, म्हणजे शेलचा संच एकाच मापाचा राहील आणि पुढे कधी इंजिन उघडणाऱ्याचाही घोळ होणार नाही. तुमच्या सर्वांत लहान मापाखालीही सात थाऊ निघणार असल्याने रेघ बहुधा जाईल. मात्र शेल हातात आल्याशिवाय क्रँक ग्राइंडिंगला देऊ नका. ते रॉडमध्ये बसवून, नट ठरलेल्या टॉर्कला आवळून, आतला व्यास बोअर गेजने मोजा आणि त्यातून शेल आणि जर्नल यांच्यामधली हवी ती तेलाची फट वजा करून जर्नलचे माप ठरवा. फट अर्धा ते दोन थाऊ चालते. मी स्वतः एक ते दीड ठेवतो. जर्नलच्या कडेची गोलाई ग्राइंडिंगमध्ये जशीच्या तशी राहिली पाहिजे, हे कारागिराला बजावून सांगा. तिथे काटकोनी कोपरा पडला, की क्रँक नेमका तिथूनच तुटतो.

दुसरे उत्तर

या इंजिनात मुळात तेलाला फक्त जाळीची गाळणी आहे, त्यामुळे बारीक कचरा शेलपर्यंत पोहोचतोच. पांढरा धातू मऊ असल्याने तो कण पोटात घेतो आणि जर्नल वाचते. कॉपर-लेड जास्त भार पेलते, पण कचरा तितका खपवून घेत नाही. साध्या वापरासाठी मी पांढरा धातूच निवडेन. वेगळा फिल्टर बसवणार असाल, तर कॉपर-लेडलाही हरकत नाही.

शेलइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रँकच्या पोटातली, तेलातला गाळ अडवणारी स्लज ट्रॅपची नळी. ती जागेवर धरणारा फ्लायव्हीलचा बोल्ट आधी काढावा लागतो, म्हणून अनेक जण तिला हातच लावत नाहीत. मीही एकदा आळस केला होता. नंतर उघडली, तेव्हा आत डांबरासारखा घट्ट काळा गाळ होता आणि नवे शेल ओरखडलेले होते. ग्राइंडिंगची भुकटीही तिथेच साचते, तेव्हा नळी ग्राइंडिंगनंतर साफ करा.

प्रश्नकर्ता

रॉड शेलविना आवळून मोजले. उजव्या रॉडचे भोक उभ्या दिशेने दोन थाऊ कमी भरते आणि त्याच्या कॅपच्या (रॉडला बोल्टने जोडलेल्या सुट्या अर्ध्या भागाच्या) तोंडावर कानशीचे तिरके ओरखडे दिसतात.

पहिले उत्तर देणारे

म्हणजे पूर्वी कोणीतरी झिजलेल्या बेअरिंगचा ठोक्याचा आवाज घालवायला कॅप घासली आहे. अशा रॉडमध्ये शेल जास्त दाबला जातो, जोडाजवळ आत फुगतो आणि तिथली तेलाची फट संपते. ती चूक जर्नल आणखी लहान करून झाकता येत नाही. आधी रॉडचे भोक मूळ मापाला गोल करून घ्या किंवा रॉड बदला, मग शेल बसवून मोजा आणि शेवटी क्रँक ग्राइंडिंगला द्या.