गिझरचा थर्मोस्टॅट बदलताना कोणत्या गोष्टी जुळायला हव्यात?

विचारणा (शाहूपुरी, सातारा)

नमस्कार. आमच्याकडे २५ लिटरचा, २००० वॅटचा साठवणीचा गिझर आहे. गेल्या महिन्यापासून पाणी वाफाळेपर्यंत तापते आणि कटआउटचे (पाणी फारच तापले तर वीज तोडणाऱ्या सुरक्षा-भागाचे) लाल बटण उडते; ते दाबले की दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. जुन्या थर्मोस्टॅटवर (ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागावर) १६ अँपिअर एवढेच वाचता येते आणि तो नमुना आता मिळत नाही. पोवई नाक्याजवळच्या दुकानात २० अँपिअरचा मिळाला, पण त्याची दांडी जुन्यापेक्षा चार बोटे जास्त लांब आहे, आणि दुकानदार म्हणतात की जास्तीची दांडी कापून टाका. हे योग्य आहे का?

उत्तर १ (विश्रामबाग, सांगली; निवृत्त वायरमन)

दांडी कृपया कापू नका. बाहेरची नळी पितळेची असते व आत इनव्हारची (लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची) काडी असते. तापल्यावर पितळ जास्त वाढते, इनव्हार जवळजवळ वाढत नाही, आणि या फरकावरच आतला संपर्क तुटतो, त्यामुळे कापलेल्या दांडीचा थर्मोस्टॅट निकामीच समजावा. नवा घेताना टाकीतल्या पॉकेटची (दांडी बसते त्या बंद नळीची) खोली मोजून तेवढ्याच लांबीची दांडी मागा, कारण आखूड दांडी आत जाते खरी, पण ती कॉइलजवळच्या पाण्याचे तापमान घेते आणि वरच्या पाण्याचा तिला पत्ता नसतो.

अँपिअरची चिंता नको. २००० वॅटला २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर लागतात, म्हणजे १६ पुरेसा आणि २० चालतो. मात्र डीसीचा (घरातल्या एसी विजेसाठी नसलेला) थर्मोस्टॅट घेऊ नका. कटआउट वगळून तारा थेट जोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नये.

उत्तर २ (कराड)

खरेदीपूर्वी दोष नक्की थर्मोस्टॅटचाच आहे ना, ते पाहावे. बोअरचे पाणी असेल तर पॉकेटवर क्षारांचा थर बसतो, दांडीला उष्णता उशिरा पोहोचते आणि चांगला थर्मोस्टॅटही पाणी जास्त तापू देतो. एमसीबी बंद करून, फेज नसल्याची खात्री करून, थर्मोस्टॅट काढावा. दांडीच तेवढी गरम पाण्यात बुडवून, टर्मिनलांना मल्टिमीटर लावून त्याचा आवाज ऐकावा; आतला संपर्क जोडलेला असेपर्यंत तो वाजतो. नॉब ६० अंशांवर असताना पाणी त्याहून बरेच गरम असूनही आवाज थांबत नसेल, तर संपर्क चिकटलेला आहे.

विचारणा करणाऱ्यांचे उत्तर

आपणा दोघांचे आभार. वायरमनना घरी बोलावून तसेच केले. पातेल्यातले पाणी उकळू लागले तरी मल्टिमीटर वाजतच राहिला. एका टर्मिनलचे थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) सैल होऊन काळे पडले होते, तेही बदलून घेतले. पॉकेट सात इंचांचे निघाले. त्या मापाचा १६ अँपिअरचा थर्मोस्टॅट सांगलीहून मागवला. आता साधारण पस्तीस मिनिटांत दिवा विझतो आणि लाल बटण अजून एकदाही उडालेले नाही. लांब दांडीचा थर्मोस्टॅट परत घ्यायला दुकानदार तयार नाहीत, ती बोलणी चालू आहेत.