कार विम्याचे नूतनीकरण : साडेसहा हजारांचा फरक नेमका कशाचा?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

माझ्या १,१९७ सीसीच्या पेट्रोल कारला पुढच्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण होत आहेत. गाडी घेताना थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) नियमाप्रमाणे तीन वर्षांचा एकदम काढला होता आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दर वर्षी वाढवत आलो. आता दोन्ही एकाच वेळी संपत आहेत. आजवर एकही क्लेम केलेला नसल्यामुळे ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सवलत, मिळतो.

सध्याच्या कंपनीने १४,१०० रुपये सांगितले आहेत. त्यात आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ५ लाख ३० हजार, झीरो डेप (भागांचा घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचे जोड संरक्षण) आहे. केवळ ऑनलाइन विमा विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा आकडा ७,६०० रुपये आहे. तिथे आयडीव्ही ४ लाख ५५ हजार आणि ५,००० रुपयांची ऐच्छिक वजावट (प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम) आहे, झीरो डेप व इंजिन प्रोटेक्ट नाही. घरी एकच गाडी आहे आणि ती तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभी असते. स्वस्त विमा घेतला तर क्लेमच्या वेळी पस्तावावे लागेल का, आणि महाग कंपनीची सेवा खरोखर चांगली असते का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त सर्व्हेअर

मोटार नुकसानीचे सर्वेक्षण हाच अनेक वर्षे माझा व्यवसाय होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही मांडलेल्या दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही, कारण ते दोन वेगवेगळ्या विम्यांचे आकडे आहेत. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो केंद्र सरकार ठरवते. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारसाठी जून २०२२ मध्ये ठरवलेला दर ३,४१६ रुपये आहे आणि तो सर्व कंपन्यांना सारखाच लागू होतो. जीएसटीही दोघांना १८ टक्केच. म्हणजे स्वस्ताई आली ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून, आणि तुमच्या बाबतीत ती आयडीव्ही उतरवून, वजावट वाढवून आणि जोड संरक्षणे काढून आलेली दिसते. कंपनी किती कार्यक्षम आहे, याचा या फरकाशी फारसा संबंध नाही.

आता एक साधा अपघात धरू. समोरून धडक बसली आणि बिल ५६,००० रुपये झाले : बंपर, ग्रिल वगैरे प्लॅस्टिकचे भाग २४,०००, पत्र्याचे भाग १६,०००, मजुरी ८,००० आणि रंगकाम ८,०००. झीरो डेप नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा म्हणजे १२,००० रुपये, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के म्हणजे ४,००० रुपये, आणि रंगाच्या एकत्रित बिलातील चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मे म्हणजे १,००० रुपये कापले जातील. त्यावर १,००० रुपयांची सक्तीची आणि तुम्ही स्वतः स्वीकारलेली ५,००० रुपयांची वजावट. एकूण २३,००० रुपये तुमच्या खिशातून जातील. झीरो डेप असलेल्या महाग पॉलिसीत हाच खर्च १,००० रुपये आणि ऑइल, कूलंट, नटबोल्ट यांसारख्या किरकोळ वस्तूंचा.

यावरून महाग पॉलिसीच घ्यावी, असे मी म्हणणार नाही. हप्त्यात वर्षाला साडेसहा हजार वाचत असतील तर चार वर्षांतून एकदा असा अपघात झाला, तरी हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. बंपरचा खर्च तुम्ही सोसू शकता; गाडी संपूर्ण गेली तर ते नुकसान सोसवणार नाही, आणि विमा त्यासाठी असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी संपूर्ण बाद धरली जाते आणि आयडीव्हीवरच हिशेब होतो. तिथे तुमच्या दोन प्रस्तावांत ७५,००० रुपयांचा फरक आहे. म्हणून आयडीव्ही मात्र उतरवू नका.

ऐच्छिक वजावटीबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. जुन्या टॅरिफप्रमाणे (सर्व कंपन्यांसाठीच्या ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे) ५,००० रुपयांच्या वजावटीवर २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये सवलत मिळत असे, आणि अनेक कंपन्यांची सवलत आजही त्याच आसपास असते. एवढ्या सवलतीसाठी प्रत्येक क्लेममध्ये ५,००० रुपये सोडायचे की नाही, हे आपणच ठरवावे.

उत्तर : मिरज रोड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सांगलीत राहणाऱ्या माणसासाठी इंजिन प्रोटेक्ट हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत तळमजल्यावरच्या किती गाड्या बुडाल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पूर हा साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही समाविष्ट असतो. सीट, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक भाग यांचे नुकसान घसारा कापून मिळते. मात्र इंजिनात पाणी शिरलेले असताना कोणी चावी फिरवली आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते नुकसान पुराचे नव्हे, नंतरच्या कृतीचे आहे असे धरून कंपनी नकार देते. इंजिन प्रोटेक्ट त्यासाठी असते, आणि त्याचा हप्ता इंजिनाच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. ते असले तरीही पाण्यातून बाहेर काढलेली गाडी सुरू करून पाहू नये. ती टो करूनच गॅरेजला न्यावी, कारण काही कंपन्यांच्या अटींत याबद्दल स्पष्ट उल्लेख असतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे येऊ लागले की आपल्याकडे गाडी उंचावर हलवायला बहुधा वेळ मिळतो, हे खरे. पण मालक गावाला गेलेला असतो, किल्ली कुलपात असते आणि गाडी जागेवरच राहते.

सेवेविषयी सांगायचे तर ‘क्लेम सेटलमेंट रेशो’ (किती टक्के दावे निकाली काढले) पाहून निर्णय घेऊ नका. त्या एका आकड्यात अनेकदा आरोग्य, मोटार, पीक असे सगळे विमे मिसळलेले असतात, आणि थर्ड पार्टीचे दावे तर न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे चालतात. त्याऐवजी तुम्ही ज्या गॅरेजमध्ये गाडी नेता, तिथल्या विम्याचे काम पाहणाऱ्या माणसाला विचारा : कॅशलेस (कंपनीने गॅरेजला परस्पर बिल देण्याची सोय) कोणत्या कंपन्यांचे आहे, मंजुरी किती दिवसांत येते, भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करण्याचा आग्रह कोण धरते. माझ्या गाडीच्या हेडलाइटचे माउंटिंग तुटले तेव्हा एका कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो पाहूनच ते चिकटवून घ्यायला सांगितले होते. हप्त्याच्या बाबतीत ती कंपनी अजिबात स्वस्त नव्हती. महाग म्हणजे चांगली सेवा, हे समीकरण मी तेव्हापासून मानत नाही.

उत्तर : पुणे ३८

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली म्हणजे कोटेशनमध्ये तिसऱ्या व्यक्तीच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा किती आहे, ते पाहा. खासगी कारसाठी ती साडेसात लाख रुपये असते, पण हप्ता किंचित कमी करण्यासाठी ती केवळ ६,००० रुपयांपर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. आजकाल एखाद्या महागड्या गाडीचा दरवाजा घासला तरी ६,००० रुपये पुरत नाहीत. त्याचप्रमाणे मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण काढून टाकलेले नाही ना, हेही तपासा. तुमचे दुसरे तसे संरक्षण असेल तरच ते वगळता येते.

दुसरी गोष्ट तक्रारीची. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) जून २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, त्याने १५ दिवसांत अहवाल देणे आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय घेणे अपेक्षित आहे. तसे झाले नाही तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. सांगलीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. हा मार्ग स्वस्त आणि महाग दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना सारखाच खुला आहे, म्हणून ‘ऑनलाइन कंपनी दाद देणार नाही’ या भीतीने दुप्पट पैसे भरू नका.

प्रश्नकर्ता : कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज ऑनलाइन कंपनीकडून नवे कोटेशन घेतले : आयडीव्ही ५ लाख ३० हजार, ऐच्छिक वजावट नाही, झीरो डेप आणि इंजिन प्रोटेक्टसह १२,३०० रुपये. म्हणजे खरा फरक १,८०० रुपयांचा निघाला. माझ्या गॅरेजमध्ये चौकशी केली तेव्हा कळले की त्या कंपनीचे कॅशलेस तिथे नाही, आधी पूर्ण बिल भरून नंतर परतफेड घ्यावी लागेल. सध्याच्या कंपनीचे कॅशलेस आहे. मोठ्या दुरुस्तीला लाखभर रुपये अडकवून ठेवणे मला शक्य नाही, म्हणून आहे त्याच कंपनीकडे राहण्याचा विचार पक्का होत आहे. झीरो डेप काढून हप्ता कमी करावा का, एवढाच प्रश्न उरला आहे.

उत्तर : निवृत्त सर्व्हेअर

गाडी पाच वर्षांची होईपर्यंत झीरो डेप ठेवा. त्यापुढे हप्ता आणि गाडीची किंमत पाहून पुन्हा ठरवा. वर्षाला किती झीरो डेप क्लेम चालतात, ते पॉलिसीत वाचून घ्या, कारण अनेक ठिकाणी दोनचीच मर्यादा असते. आणि नूतनीकरण मुदतीच्या आत करा. एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ९० दिवस उलटले तर ३५ टक्क्यांचा बोनसही जातो.