जबड्याचा सांधा बदलायचा का? ऑपरेशन झालेल्यांनी प्लीज सांगा

पाऊलवाट:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय. कानाच्या पुढे जो जबड्याचा सांधा असतो ना, टीएमजे, त्याचा डाव्या बाजूचा त्रास मला कित्येक वर्षं आहे. आधी नुसता कटकट आवाज यायचा, मग मधेच अडकायला लागला, मग रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड, गोळ्या, फिजिओ, सुया घालून सांधा धुणं, सगळं करून झालं. आता तोंड जेमतेम १८ मिमी उघडतं, एक बोट कसंबसं जातं, साधा दात साफ करायला गेलं तरी डेंटिस्टला आत काही करता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये खालच्या जबड्याचं गोल डोकं झिजून चपटं झालंय, हनुवटी डावीकडे सरकलीये आणि उजवीकडचे दात एकमेकांना टेकत नाहीत. सर्जन म्हणतात आता पूर्ण सांधाच बदलू, तुमच्या सीटीवरून मापाचा बनवून घेऊ. नवरा म्हणतो करून टाक, आई म्हणते चेहऱ्यावर सुरी नको. मला सगळ्यात जास्त भीती चेहरा वाकडा होण्याची वाटते. दुखणं खरंच जातं का? सांधा किती वर्षं टिकतो? आणि नंतरचे दिवस कसे असतात? झोपच लागत नाहीये या विचाराने.

उजवीबाजू:
ताई, माझा उजवा सांधा बदलून काही वर्षं झाली, मापाचाच बसवलाय. आधी दुखण्याचं सांगतो कारण तिथेच लोकांची अपेक्षा चुकते. सांध्यातलं ते खोल, कानात शिरणारं दुखणं माझं खूप कमी झालं, पण शून्य नाही झालं, गालाच्या स्नायूंना इतकी वर्षं आखडून राहायची सवय लागलेली असते, ते मोकळे व्हायला वेळ घेतात. खरा फरक पडला तो तोंड उघडण्यात आणि चावण्यात. आता ३३-३४ मिमी उघडतं. निरोगी माणसाचं ४० च्या आसपास किंवा जास्तच असतं, तेवढं बहुतेकांना परत मिळत नाही, ३०-३५ मिळालं तर सर्जन खूश असतात, आणि खरं सांगतो मीही खूश आहे.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती म्हणून लिहितो. नवीन सांधा बिजागरीसारखा फक्त फिरतो, पुढे किंवा बाजूला सरकत नाही, कारण जबडा पुढे ओढणारा स्नायू ऑपरेशनमध्ये सुटा करावा लागतो. त्यामुळे तोंड उघडलं की माझी हनुवटी जरा उजवीकडे जाते, आणि जबडा डावीकडे नेऊन घास दळायचा म्हटलं तर जमत नाही. चालतं, सवय होते, पण माहीत असलेलं बरं.

चेहऱ्याचं म्हणाल तर भीती बिनबुडाची नाहीये. एक चीर कानाच्या पुढे असते, दुसरी जबड्याच्या कोपऱ्याखाली, आणि चेहरा हलवणारी नस बरोब्बर त्या वाटेवरून जाते. माझी उजवी भुवई वर जात नव्हती आणि डोळा पूर्ण मिटत नव्हता, काही महिने रात्री डोळ्यात मलम घालून वर पट्टी लावून झोपायचो. हळूहळू सगळं परत आलं. बहुतेकांचं येतं, पण थोड्या लोकांचं थोडं राहून जातं, हे सर्जनला स्पष्ट विचारा की तुमच्या पेशंटमध्ये किती जणांचं राहिलं, आधी तिथे चिरलेलं असेल तर धोका वाढतो का. माझा खालचा ओठही बधिर होता, तोही सुटला.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आरशात बघून घाबरू नका. सुरुवातीला सगळं पातळ, मग चमच्याने दाबलं तर मोडेल इतकं मऊ, आणि चावायला कधी सुरू करायचं ते सर्जनच सांगतात, घाई करू नका.

थांबलेली:
मी ऑपरेशन केलं नाही, त्याचं कारण सांगते कारण तुमचा निर्णय होताना हे कामी येईल. माझंही दुखणं कानापुढेच होतं आणि मीही ऑपरेशनच्या दारापर्यंत गेले होते. मग एका सर्जननी सांध्यात बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघितलं. सांधा बधिर झाला आणि दुखणं तसंच राहिलं! म्हणजे ते सांध्याचं नव्हतंच, गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंचं होतं, रात्री दात आवळल्याने. असं असेल तर कितीही महाग सांधा बसवा, दुखणं तिथेच राहणार. मग मी ती वाट सोडली, स्नायूंचा इलाज केला आणि आता बरीच बरी आहे. पण तुमचं वेगळं वाटतंय, सीटीत झीज दिसतेय आणि दातांची ठेवणसुद्धा बदललीये. तरी एवढं विचारा की तोंड न उघडणं सांध्यामुळे आहे की स्नायू आखडल्यामुळे, आणि इंजेक्शनची टेस्ट झाली नसेल तर का नाही. दुसऱ्या मॅक्सिलोफेशियल (चेहरा-जबड्याच्या) सर्जनचं मतही घ्या, असे सांधे नियमित बसवणारा हवा, एखाद-दुसरा बसवलेला नको.

जुनाअंक:
नेटवर जुने भयंकर अनुभव वाचून घाबरू नका, त्यातले बरेच एका जुन्या मटेरियलचे आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉनचे इम्प्लांट बसवायचे, ते झिजून त्याचे बारीक कण सुटायचे आणि आजूबाजूचं हाडच खाऊन टाकायचे, लोकांचे हाल झाले आणि शेवटी ते बाजारातून काढले. आताच्या सांध्यात वरची खोबण बहुधा गुडघ्याच्या सांध्यात वापरतात तसल्या कडक पॉलिथिलीनची असते आणि खालचा भाग कोबाल्ट-क्रोम किंवा टायटॅनियमचा, दोन्ही स्क्रूने हाडाला पक्के. मापाच्या सांध्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि इम्प्लांट तपासणारी सरकारी संस्था) १९९९ मध्ये मंजुरी दिली आणि वीस वर्षांनंतरही तोच सांधा वापरणाऱ्या पेशंटचे अभ्यास छापून आलेत. तरी तो आयुष्यभर टिकेलच असं धरून चालू नका, वय कमी असेल तर पुढे कधीतरी परत बदलायची वेळ येऊ शकते, हा हिशोब आत्ताच करा. आणि सिगारेट ओढत असाल तर बंद, इन्फेक्शन झालं तर कधीकधी सगळा सांधा बाहेर काढावा लागतो.

हळूहळू_मोकळं:
मी फिजिओ आहे, असे पेशंट बघते. व्यायाम टाळला तर एवढं मोठं ऑपरेशन वाया जातं हो, अगदी कळकळीने सांगते. आत वण धरायला लागतो, काहींमध्ये नको तिथे नवीन हाडही तयार होतं (म्हणूनच काही सर्जन सांध्याभोवती पोटाची चरबी भरतात), आणि वर्षानुवर्षं आखडलेले स्नायू परत बंद व्हायला बघतात. सर्जननी हो म्हटलं की दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं ताणायचं, मशीनने किंवा लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून, काडी वाढवत वाढवत. ताण जाणवला पाहिजे, टोचल्यासारखं तीव्र दुखलं तर थांबायचं. वरच्या आणि खालच्या त्याच दोन दातांमधलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. एखाद्या आठवड्यात आकडा पुढेच सरकत नाही, तेव्हा लोक सोडून देतात, नेमकं तेव्हाच सोडायचं नसतं. हे काही महिने चालतं. उजव्या, चांगल्या सांध्याकडेही लक्ष ठेवा, त्याच्यावर ताण येतो.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. इंजेक्शनची टेस्ट झालेली नाही, ती विचारणारच. एक राहिलं, मला खोट्या दागिन्यांनी कानाला पुरळ येतं, त्याचा काही संबंध आहे का?

जुनाअंक:
आहे, नक्की सांगा! ते बहुतेक निकेलमुळे असतं आणि कोबाल्ट-क्रोममध्ये निकेल अगदी थोडं का होईना असतं. सांधा बनवायला द्यायच्या आधी ॲलर्जीची पॅच टेस्ट करून घ्या, आली तर खालचा भाग टायटॅनियमचा करता येतो, पण एकदा मापाचा सांधा बनून आला की बदल करणं अवघड जातं.

उजवीबाजू:
आणि भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच भेटा, १८ मिमी उघडतं हे त्यांना माहीत पाहिजे. माझ्या वेळी नाकातून कॅमेऱ्याच्या मदतीने नळी घातली होती, आधी सगळं समजावून सांगितलं म्हणून घाबरलो नाही. टेस्टचं काय झालं ते इथे लिहा ताई.